स्कूबाचं लायसन्स म्हणजे नक्की कशाचं? बोटीचं, टाकीचं की माणसाचं?

भिजकी_वही:
मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेले इथे ढिगाने असतील म्हणून धागा काढतेय. ऑफिसातली आठदहा जणं दिवाळीनंतर जायचं म्हणतायत आणि मी अंदमानला ओपन वॉटरचा (टाकी लावून पाण्याखाली जायचा सुरुवातीचा) कोर्स केलेला असल्यामुळे बुकिंगचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फोन केले, प्रत्येकाला एकच विचारलं, लायसन्स आहे का. सगळ्यांकडे आहे! म्हटलं पाठवा बघू. तर एकाने बोटीचा कागद पाठवला, दुसऱ्याने पर्यटन खात्याच्या नोंदणीचा, आणि तिसऱ्याने एका मुलाचं पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं कार्ड पाठवलं जे ओपन वॉटरचं होतं, म्हणजे जे माझ्याकडेपण आहे आणि ज्याच्यावर मी माझ्यासारख्याच दुसऱ्या कार्डवाल्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकते, पण नवख्या माणसाला धरून खाली न्यायची परवानगी त्या कार्डाने अजिबात मिळत नाही.

मग जरा वाचत बसले. भारतात स्कूबासाठी असा वेगळा कायदा नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्कूबा आहे, पण शेवटी सूचनाच त्या. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरणाचा जीआर काढला, जमीन हवा पाणी तिन्हीकडचे खेळ त्यात येतात, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मग अंतिम. बोटीचं आणि वॉटरस्पोर्ट्सचं राज्याचं मेरीटाइम बोर्ड बघतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे म्हणजे तिथे वन्यजीव कायदा. पाठीवरची टाकी हा हाय प्रेशरचा गॅस सिलिंडर, त्याचे २०१६ चे नियम आणि ते बघणारी पेसो ही केंद्राची संस्था, जिचं मुख्य ऑफिस चक्क नागपुरात. इतकी खाती झाली आणि पाण्याखाली माझा जीव ज्याच्या हातात असणार त्या माणसाची परीक्षा कोण घेतं? तर पॅडी, एसएसआय वगैरे खाजगी संस्था. त्यांचं कार्ड खरं की खोटं, कुठल्या लेव्हलचं, चालू आहे की संपलंय हे किनाऱ्यावर येऊन कोण विचारतं ते मला तरी कुठे सापडलं नाही.

माझं मत असं की ज्याने कोर्स केलाय त्याला सरकारने फार सांभाळायची गरज नाही, तो आपलं आपण बघेल. पण ज्याला पोहता येत नाही, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारी तोटी) तोंडात धरलाय आणि ज्याला सगळी माहिती बोटीवर इंजिनाच्या आवाजात पाच मिनिटांत दिलीय, नियम त्याच्यासाठी पाहिजेत. आणि आपल्याकडे ९९ टक्के गिऱ्हाईक तेच आहे (आकडा माझा अंदाजपंचे, कुणी अंगावर येऊ नका).

मुक्तछंद:
झालं सुरू. प्रत्येक गोष्टीत सरकार पाहिजे. अमेरिकेत हौशी डायव्हिंगला केंद्रीय कायदा नाही, तिथल्या कामगार सुरक्षेच्या खात्याने व्यावसायिक डायव्हिंगचे नियम केले तेव्हा हौशी स्कूबा शिकवणाऱ्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण ट्रेनिंग एजन्सीज आपले नियम आपण पाळत होत्या. तरी तिथे लाखो लोक डाइव्ह करतात. आपल्याकडे एक परवाना वाढला की एक टेबल वाढतं आणि एक टेबल वाढलं की काय वाढतं ते सगळ्यांना माहितीय.

खादाड_बोका:
तारकर्लीत सुरमई थाळी कुठे चांगली ते पण सांगा याच धाग्यावर

भिजकी_वही:
@मुक्तछंद अमेरिकेत नियम नाहीत पण अपघात झाला की कोर्टात असा दावा बसतो की दुकान विकावं लागतं, विमा कंपनीच मग कागद तपासते. आपल्याकडे ती भीती कुठे आहे?
@बोका नवीन धागा काढ रे.

वायरीचो_झील:
मी मालवणातलोच, वडील मच्छीमार, मी आणि माझो चुलतभाव स्कूबा करतो. तुमचो धागो वाचून आधी डोक्यात गेला, मग म्हटला लिहूया. मराठीत लिहितो सगळ्यांना कळूदे.

पहिली गोष्ट, आमच्याकडे हा धंदा मुंबईच्या शेठने आणलेला नाही. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा झाला पण आमच्या वाडीत तेव्हा कोण येत होता? मासे कमी झाले, पर्ससीन आणि ट्रॉलरवाल्यांशी भांडणा झाली ती तुम्ही पेपरात वाचली असतील. त्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या त्या यूएनडीपीच्या प्रकल्पातून इथल्या पोरांना स्नॉर्कलिंग, स्कूबाचं ट्रेनिंग मिळालं, नंतर तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था आली, तिथे पण गावातली मुलं शिकली. आज वायरी, दांडी, देवबाग इथली कितीतरी घरं यावर चालतात. होमस्टे, रिक्षा, खानावळ सगळे.

दुसरी गोष्ट. पॅडीच्या ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता नुसतं करून बघायच्या डाइव्हला, एका इन्स्ट्रक्टरमागे चार नवखी माणसं चालतात, १२ मीटरपर्यंत. आमच्याकडे एका माणसामागे एक पोरगो. टाकीचा वॉल्व त्याच्या मुठीत, पाच-सहा मीटर पाणी, वरून बोट. पाहुणो घाबरलो तर त्याला काही करायचं नाही, आम्हीच त्याला हळू वर आणतो. म्हणजे ह्या बाबतीत आमी तुमच्या इंटरन्याशनलपेक्षा कडक आहोत हे पण लिहा ना कधीतरी.

तिसरी. मेडिकल फॉर्म आम्ही देतो. दमा आहे का, नाही. बीपी, नाही. रात्री घेतली का, नाही नाही. तोंडाचा वास बोटीभर येतोय आणि लिहितो नाही! त्याला उतरवायचा नाही म्हटला तर बायको-पोरांसमोर भांडतो, पैसे दिलेत म्हणतो, आणि संध्याकाळी गूगलवर एक स्टार. हायवेवर उभो असलेलो एजंट त्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्या बोटीवर नेतो, स्कूबा पॅरासेलिंग जेटस्की बनाना सगळं मिळून एका रेटात. आता सांगा, नियम पाळतो त्याच्या पोटावर पाय आणि नाय पाळणा त्याची बोट फुल्ल. तुमचे नियम ह्या एजंटाक खय लागू होतत?

अनघा_प:
झील दादा छान लिहिलंत. आमचा अनुभव सांगते, मालवणचा नाही, दुसऱ्या किनाऱ्याचा. नवरा आणि मी बोटीवर बसलो, "स्कूबा" म्हणून पैसे दिले, आणि प्रत्यक्षात बोटीच्या शिडीला धरून पाण्यात डोकं बुडवून फोटो. खाली जायचं नावच नाही. तक्रार करायला गेलो तर तुम्ही घाबरलात म्हणून नेलं नाही म्हणाले. आता ही फसवणूक की सुरक्षा मला आजतागायत ठरवता आलेलं नाही :D

पणजेकर:
आमच्या ग्रँड आयलंडला हेच चालतं की. सकाळी बोटीत पन्नासेक माणसं, नाश्ता, डॉल्फिन, गाणी, आणि मधेच स्कूबा. चांगली दुकानंही आहेत गोव्यात, छोटे ग्रुप नेतात, पण किनाऱ्यावर तिकीट विकणाऱ्याला दोन्हीत फरक माहीत नसतो आणि घेणाऱ्याला तर नसतोच.

कान_नाक_घसा:
डॉक्टर आहे, हौशी डायव्हरही आहे. वर सगळे "फक्त पाच-सहा मीटर" म्हणतायत त्याबद्दल.

पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे शून्य ते दहा मीटरमध्ये दाब एकाचा दोन होतो, तर वीस ते तीसमध्ये तिनाचा चार. प्रमाणात बघितलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो. म्हणून कानाचा आणि फुफ्फुसाचा त्रास उथळ पाण्यातच जास्त. पूर्ण श्वास भरून, तो धरून, घाबरून वर झेप घेतली तर दीड-दोन मीटरमध्येसुद्धा फुफ्फुसाला इजा होऊन हवा रक्तात जाऊ शकते, ती मेंदूत गेली की पॅरालिसिसपासून मृत्यूपर्यंत काहीही. पोहता न येणारा माणूस घाबरला की पहिली गोष्ट श्वास धरतो. झील यांची मूठ त्या वॉल्ववर असते ती यासाठी फार महत्त्वाची आहे.

उलट ज्याला सगळे घाबरतात तो "बेंड्स", म्हणजे रक्तात होणारे नायट्रोजनचे बुडबुडे, तो पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटं राहिलेल्या पर्यटकाला होणं जवळजवळ अशक्य.

फॉर्मबद्दल. २०२० मध्ये डायव्हिंगच्या डॉक्टरांच्या समितीने नवीन प्रश्नावली केली, ती जगभर वापरतात. दमा, फिट्स, हृदय, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, आणि ४५ च्या वर वय असेल तर सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल याचे वेगळे प्रश्न. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला हो आलं तर डॉक्टरची सही लागते. ४५ चा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार येतो, आणि डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. आता हा फॉर्म बोटीवर हेलकावे खाताना, इंग्रजीत, चष्मा बॅगेत असताना भरून घेतला तर लोक सगळीकडे नाही असंच लिहिणार. तो बुकिंग करतानाच मोबाइलवर मराठीत पाठवा. दम्याचा माणूस पुण्यातच थांबेल, बोटीवर भांडणार नाही. याला ना जीआर लागतो ना इन्स्पेक्टर.

सह्याद्रीपुत्र:
डॉक्टर, डाइव्ह करून त्याच दिवशी चिपीवरून विमान चालतं का? आणि गाडीने आंबोलीतून येताना?

कान_नाक_घसा:
एकच डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास विमान नको अशी सर्वसाधारण शिफारस आहे. घाटाचंही लोक विसरतात. ३०० मीटरच्या वर गेलं की उंची धरायला लागतात आणि आंबोली जवळपास ७०० मीटर आहे. ट्राय डाइव्हवाल्याला फारसा धोका नाही, पण कोर्सवाल्यांनी दोन-तीन खोल डाइव्ह करून लगेच घाट चढू नये. सोपा उपाय, स्कूबा सहलीच्या पहिल्या दिवशी करा, शेवटच्या नको.

केर्न्सकर:
मी गेली बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये आहे. इथला कायदा कसा आला ते सांगतो, कारण तो कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून आलेला नाही. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला बोट समुद्रात विसरून परत आली. विसरून! माणसं मोजण्यात चूक झाली. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची बॅग सापडली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. ते कधीच सापडले नाहीत. बोटवाल्यावर मनुष्यवधाचा खटला चालला, तो सुटला, पण कंपनीने निष्काळजीपणा कबूल केला आणि दंड भरला, धंदा बंद झाला.

त्यानंतर इथे मोजणीचे नियम कडक झाले. आज प्रत्येक डाइव्हची लेखी नोंद, कोण उतरलं कोण आलं, किती वाजता, आणि बोट हलवण्याआधी मोजणी. २०११ मध्ये हौशी पाण्यातल्या खेळांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदाच केला आणि त्याच्याखाली आचारसंहिता, ती दर काही वर्षांनी बदलतात. मधे स्नॉर्कलिंग करताना वयस्कर पर्यटक हार्ट अटॅकने गेले तर पुढच्या आचारसंहितेत बोटीवर शॉक देण्याचं मशीन आणि धोक्यातल्या लोकांना तरंगायचं साधन आलं. म्हणजे अपघात झाला, कारण शोधलं, नियमात एक ओळ वाढली. मला आवडतं ते हे की इथला इन्स्पेक्टर बोटीवर येऊन पहिली वही मागतो, भिंतीवरचं सर्टिफिकेट नाही.

मुक्तछंद यांनी अमेरिका सांगितली तर दुसरी टोकंही आहेत. इस्रायलमध्ये १९७९ पासून हौशी डायव्हिंगचा कायदा आहे, कार्ड आणि विमा असल्याशिवाय पाण्यात नाही. मालदीवमध्ये २००३ चे नियम, ३० मीटरच्या खाली कुणीच नाही, कितीही मोठा डायव्हर असो. पर्यटनावर पोट असलेल्या देशांनीच हे केलंय.

मुक्तछंद:
मालदीवचं एक रिसॉर्ट एका रात्रीला जे घेतं त्यात झील यांचा महिना निघेल. तिथले नियम इथे लावले तर छोटी बोट मरणार आणि तीन कॉर्पोरेट कंपन्या उरणार, ज्यांच्याकडे कागद करायला वेगळा माणूस असतो. हे सुरक्षेच्या नावाखाली सगळीकडे झालंय. भिजकी_वही, तुमचा हेतू चांगला आहे पण परिणाम हाच होणार.

भिजकी_वही:
हा मुद्दा मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. पण मग २०२२ च्या मे महिन्याचं काय? तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. पाण्याखाली सगळे सुखरूप होते, मेले ते वर, किनाऱ्याकडे येताना. लाइफ जॅकेट आणि बोटीत किती माणसं, इतका साधा प्रश्न होता तो. यात कुठला कॉर्पोरेट लागतो?

वायरीचो_झील:
त्या दिवसाबद्दल आमी बोलत नाय. गावात सगळ्यांका माहिती आसा. पण ताई एक सांगतो, त्याच्यानंतर थोडे दिवस सगळे बोटीवर जॅकेट घालूक लागले, पोलीस उभे रवाक लागले. मग हळूहळू परत तेच. पाहुणे म्हणतात फोटो खराब येतो, जॅकेट काढू का. स्कूबावाला पाण्यातून वर आला की ओला, दमलेला, त्याला परत जॅकेट चढवायचं म्हणजे कटकट वाटते. मी माझ्या बोटीवर सांगितलंय, जॅकेट नाय तर इंजिन चालू नाय. दहा मिनिटं गप्प बसून राहतो. घालतात मग.

तळठाव:
नौदलात डायव्हर होतो, निवृत्तीनंतर तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम केलं. सगळी चर्चा वाचली. सगळे पर्यटकाबद्दल बोलतायत. मला काळजी वाटते ती झीलची.

हिशोब करा. एक पर्यटक पंधरा-वीस मिनिटं खाली आणि वर. मग दुसरा. मग तिसरा. सुट्टीच्या दिवशी बोटी भरून येत असतात तेव्हा एक पोरगा किती वेळा खालीवर करत असेल? डॉक्टर म्हणाले पाच-सहा मीटरला बेंड्सची भीती नाही, ते पर्यटकाबद्दल बरोबर आहे. पण हेच दहा-बारा मीटरवर, दिवसातून अनेकदा, आठवडाभर, ऑक्टोबर ते मे, आणि प्रत्येक वेळी घाबरलेला माणूस वर ओढतो तेव्हा त्याच्याबरोबर झटक्यात वर येणं, याला आम्ही यो-यो म्हणायचो आणि आमच्याकडे असं करणाऱ्याला सुपरवायझर पाण्यातून बाहेर काढून बसवायचा. सर्दी झाली तर उतरायचं नाही. वर्षातून एकदा मेडिकल. प्रत्येक उतरण्याची लॉगबुकमध्ये सही. मालवणच्या पोराला सर्दी झाली तर त्या दिवसाचा रोज बुडतो म्हणून तो नाकात ड्रॉप टाकून उतरतो. तिशीत कान गेलेले मी बघितलेत.

ब्रिटनमध्ये १९९७ चे डायव्हिंग अॅट वर्क म्हणून नियम आहेत. तिथे हौशी माणूस स्वतःच्या मजेसाठी उतरला तर सरकार त्याला काही विचारत नाही. पण त्याला शिकवायचे कुणी पैसे घेतले की शिकवणारा कामावर आहे असं धरलं जातं, मग त्याची वैद्यकीय तपासणी, डाइव्हचं नियोजन, मदतीला माणूस, नोंदी सगळं मालकावर. रेघ खोलीवरून किंवा खेळावरून ओढलेली नाही, पगारावरून ओढलीय. मला ही रेघ पटते. मालवणात पर्यटकाची नोंद होते, बोटीची होते, आणि ज्याचा हा रोजचा व्यवसाय आहे तो पोरगा सरकारच्या लेखी डायव्हर म्हणून काम करतच नाही.

कान_नाक_घसा:
तळठाव साहेब, सहमत. यात भर म्हणजे खरंच बेंड्स किंवा हवेचा गोळा झाला तर रीकॉम्प्रेशन चेंबर लागतो, दाबाखाली ऑक्सिजन द्यायला. मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलच्या आवारात आहे, अंदमानला पोर्ट ब्लेअरच्या नौदल हॉस्पिटलात. मालवणहून मुंबई म्हणजे रस्त्याने रात्र जाते. तोवर हातात एकच औषध, शंभर टक्के ऑक्सिजन. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का आणि तो लावता येणारा माणूस आहे का, हा प्रश्न लायसन्सच्या आधी विचारा.

तळठाव:
आणि हवा. टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, दोनशे बारच्या आसपास दाबलेली. ती भरणारा कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय ते बघा. त्याची हवा ओढायची नळी डिझेल इंजिनाच्या धुराकडे असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नाही, वर जे डोकेदुखी करेल ते खाली दाबामुळे बेशुद्ध करतं. युरोपच्या मानकात श्वासाच्या हवेत तो दहा लाखांत पाच भागांपेक्षा जास्त चालत नाही. फिल्टर किती तासांनी बदलला याची पाटी कॉम्प्रेसरला लटकवलेली असावी. टाकीच्या खांद्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते, ती कुणीही वाचू शकतं. खाऱ्या हवेत पडून आतून गंजलेली टाकी भरताना फुटली तर पर्यटक नाही, भरणारा मरतो. म्हणजे परत तोच पोरगा.

वकिलीण_बाई:
थोडं कायद्याचं. बोटीवर सही करून घेतात ना "माझ्या जबाबदारीवर उतरत आहे", त्या कागदाला लोक एकतर घाबरतात किंवा पूर्ण विश्वास ठेवतात. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, आधीचं ३०४-अ, आणि तो गुन्हा सहीने माफ होत नाही. ग्राहक म्हणूनही दाद मागता येते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची वेगळी तरतूद आहे. सहीचा उपयोग इतकाच की धोका सांगितला होता हे दाखवता येतं. ज्या ऑपरेटरने खरंच समजावून सांगितलं, नोंद ठेवली, दम्याच्या माणसाला परत पाठवलं, त्याचा सगळ्यात मोठा बचाव त्याची वही असते. म्हणून झील दादा, वही तुमच्या विरुद्ध नाही, उद्या पोलीस स्टेशनला तीच तुमच्या बाजूने बोलेल.

तळठाव यांच्या मुद्द्यावर, या मुलांपैकी पगारावर किती, कमिशनवर किती आणि स्वतःच्या बोटीवर किती? स्वतःची बोट असेल तर मालक कोण आणि कामगार कोण, ब्रिटिश पद्धत इथे कशी बसवायची हा प्रश्न येतो.

वायरीचो_झील:
अर्धे कमिशनवर बाई. घरच्या बोटीवर तर हिशोबच नाय, आई बघता :)

कोळंबी:
सगळे माणसांबद्दल बोलले, मी माशांची बाजू घेते. मालवणचं अभयारण्य २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटर, आणि तो नेमका किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या खडकांचा. जिथे प्रवाळ तिथेच स्कूबा आणि तिथेच नांगर. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या बरोबरीचे. त्यावर रोज लोखंडी नांगर पडतो आणि पाहुण्यांच्या फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेड टाकतात. ठिकठिकाणी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये बांधून दिले तर नांगर टाकायची गरजच उरत नाही. खर्च किरकोळ, बोटवाल्यांनाही सोयीचं. आणि एकदा बोये मोजून लावले की एका वेळी किती बोटी हा प्रश्न आपोआप सुटतो. पण अभयारण्याला गावाचा विरोध १९८७ पासून आहे, मासेमारी बंद होईल या भीतीने, त्यामुळे वन खात्याने बोया आणला तरी लोक आधी संशयाने बघणार. तो गावाने, स्कूबावाल्यांच्या संघटनेने लावला तर टिकेल.

वायरीचो_झील:
ब्रेडचा खरा आसा. टाकतात. न टाकलेला बरा.

सह्याद्रीपुत्र:
आणि ते गुलदारचं काय? नौदलाची जुनी युद्धनौका निवतीजवळ समुद्रात बसवून म्युझियम करणार ना?

तळठाव:
ती योजना झाली की हा धागा परत वर काढा. बुडालेल्या जहाजाच्या बाहेरून फिरणं वेगळं आणि आत शिरणं वेगळं. आत शिरलं की डोक्यावर छप्पर, सरळ वर येता येत नाही, गाळ उडाला की हात दिसत नाही. ओपन वॉटरच्या कार्डवर आत जायचं नसतं. किल्ल्याजवळची ट्राय डाइव्हची पद्धत तिथे जशीच्या तशी नेली तर अवघड आहे. निदान तिथे तरी पहिल्या दिवसापासून कोण कुठपर्यंत जाणार हे लिहून ठेवा, आधी गर्दी आणि मग नियम असं नको.

मुक्तछंद:
तळठाव साहेब, तुमचं ऐकून माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. पोरांची मेडिकल, ऑक्सिजनचा संच, कॉम्प्रेसरची तपासणी, हे सगळं योग्य. पण याचे पैसे कोण देणार? स्कूबाचा रेट एजंटांनी इतका पाडलाय की यातलं काहीही त्यात बसत नाही.

तळठाव:
एका गावच्या बोटी मिळून एक कॉम्प्रेसर नीट ठेवतील, प्रत्येकाने वेगळा स्वस्तातला घ्यायची गरज नाही. ऑक्सिजनचंही तसंच, जिथे बोटी उभ्या असतात तिथे एक संच. मेडिकल जिल्हा रुग्णालयात, पावसाळ्यात, २६ मे पासून ऑगस्टअखेर पाण्यातले खेळ बंदच असतात तेव्हा. आणि रेटचं म्हणाल तर किमान रेट गावाने ठरवायचा. रिक्षावाले ठरवतात ना?

मुक्तछंद:
रिक्षावाल्यांचं उदाहरण देऊन तुम्ही माझाच मुद्दा मजबूत केलात :D

भिजकी_वही:
अपडेट देते. या धाग्यावरचे प्रश्न घेऊन परत फोन केले. कॉम्प्रेसर बघायला मिळेल का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, फॉर्म आधी पाठवाल का, आणि जो मुलगा नेणार तो त्या दिवशी माझ्याआधी किती जणांना घेऊन उतरलेला असेल. दोघांनी "मॅडम तुम्ही दुसरीकडे बघा" म्हणून फोन ठेवला. एकाने ऑक्सिजनचा फोटो पाठवला, बाटलीला सील तसंच आहे, म्हणजे आहे पण वापरून बघितलेला नाही. आणि एकजण म्हणाला शेवटचा प्रश्न मला आत्तापर्यंत कुणी विचारलाच नव्हता, मोजून सांगतो. त्याच्याकडे केलं बुकिंग. ऑफिसातल्या एकाने फॉर्म बघून स्वतःच सांगितलं की त्याला दम्याचा पंप लागतो, त्याला वाटलेलं पोहायचं नाहीये तर काय फरक पडतो. तो आता किल्ला बघणार.

वायरीचो_झील:
बरा केलात. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारपेक्षा पाणी शांत असता आणि पोरगो पण ताजो असता. आणि त्या किल्ल्यावाल्याला सांगा, किल्ल्याच्या होडीत पण जॅकेट घालायचा.

खादाड_बोका:
आणि सुरमई?